जोनासची धाकधूक

आज मला एकाच मुलाबद्दल बोलायचं आहे. लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ या १९९३ सालच्या कादंबरीतला जोनास. वय अकरा, बारावं लागायला आलेलं.

अशा काळोख्या भविष्याच्या कादंबरीतलं पोर म्हणजे बंडखोर असणार, असं आपण धरून चालतो. जोनास मात्र आज्ञाधारक आहे. सांगितलेलं ऐकतो, नियम पाळतो. धाडस आहे त्याच्यात, पण ते फार उशिरा दिसतं. त्याच्या स्वभावाचं मूळ मला पहिल्याच प्रकरणात सापडतं.

डिसेंबर जवळ आलाय, त्यात त्याच्या वयाच्या मुलांना पुढचं काम नेमून देतात, आणि त्याच्या मनात काहीतरी होतंय. आधी त्याला वाटतं, आपण घाबरलोय. लगेच तो स्वतःला अडवतो. वर्षभरापूर्वी गावावरून एक अनोळखी विमान गेलं होतं, तेव्हा पोटात गोळा आला होता, ती भीती. हे तसं नाही. मग काय, उत्सुकता? ती आहे, पण नुसती तेवढीच नाही. शोधत शोधत तो ज्या शब्दाशी थांबतो, त्याला आपल्याकडे ‘धाकधूक’ म्हणतात. अकरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या मनातल्या हालचालीला नेमकं नाव मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही. मला जोनास कळला तो इथे.

ही सवय त्याला तो ज्या काटेकोर नियमांच्या समाजात वाढतोय, त्या समाजानंच लावली आहे. तिथे चुकीचा शब्द वापरणं हा दोष मानतात. त्याचा मित्र ॲशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना ‘स्नॅक’ऐवजी ‘स्मॅक’ म्हणायचा, म्हणजे ‘फटका’, तर दर वेळी खरोखर छडीचा फटका मिळाला. शेवटी ते पोर काही काळ बोलायचंच थांबलं. जोनासही चार वर्षांचा असताना जेवणाआधी म्हणाला होता, ‘माझी उपासमार होतेय.’ त्याला बाजूला घेऊन समजावलं गेलं: तुला भूक लागली आहे, इथे कुणाची उपासमार होत नाही, होणारही नाही, म्हणजे तू खोटं बोललास. आपल्या घरात ‘आई, भुकेनं मेलो गं’ असं मूल दिवसातून दोनदा ओरडतं आणि आई ताट वाढते. त्या ओरडण्यात किती माया गृहीत धरलेली असते!

पण याच समाजात एक शब्द कुणी तपासत नाही. म्हातारे, नियम मोडणारे, वजन न वाढणारी बाळं यांना ‘मुक्त’ केलं जातं. आपणही दीर्घ आजारानं गेलेल्या माणसाबद्दल ‘सुटला बिचारा’ म्हणतो, पण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तो मेला आहे हे ठाऊक असतं. जोनासच्या गावात बहुतेकांना ठाऊकच नाही. मुक्त झालेला कुठेतरी दुसरीकडे गेला, एवढंच.

जोनासची नेमणूक स्मृती सांभाळण्याच्या कामावर होते. एक वृद्ध गुरू त्याला जगाच्या जुन्या आठवणी देतो: बर्फ, ऊन, लाल रंग, युद्ध. एका आठवणीतून ‘प्रेम’ हा शब्द त्याला मिळतो. त्या रात्री तो आईवडिलांना विचारतो, ‘तुमचं माझ्यावर प्रेम आहे का?’ वडील हसतात, नेमकं बोलायची आठवण करून देतात. आई समजावते की हा शब्द इतका ढोबळ आहे की जवळपास वापरातून गेलाय. ‘माझ्या यशाचा अभिमान वाटतो का, असं विचार,’ वडील सुचवतात. ‘कळलं का?’ आई विचारते. ‘कळलं,’ तो म्हणतो. आईवडिलांशी बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं. त्यानंतर तो घरात ठेवलेल्या गेब्रियल या बाळाच्या पाळण्याशी वाकून सांगतो की हे सगळं बदलू शकतं. हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी माझा आवाज जड होतो.

मग तो बाळांची निगा राखण्याचं काम करणाऱ्या आपल्या वडिलांना एका जुळ्या बाळाला ‘मुक्त’ करताना चित्रफितीत पाहतो. दोघांतलं कमी वजनाचं बाळ. कपाळाच्या शिरेत सुई. बाळाचे हातपाय ढिले पडतात, आणि ते तसं पडणं जोनासनं युद्धाच्या आठवणीत पाहिलेलं आहे. त्याच्या मनात जो शब्द उमटतो तो अगदी साधा: मारलं. माझ्या वडिलांनी त्याला मारलं. नेमका शब्द शोधायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच कृत्याला त्यानं नेमका शब्द लावला.

पुढे गेब्रियलचीही ‘मुक्ती’ ठरते, तेव्हा जोनास त्याला घेऊन वडिलांच्या सायकलवरून निघतो. लाउरी स्वतः अकराव्या वर्षी टोकियोतल्या कुंपणाच्या अमेरिकी वसाहतीत राहत असत आणि सायकलनं फाटकाबाहेर शिबुयात जात. या कादंबरीला मिळालेल्या न्यूबेरी पुरस्काराच्या भाषणात त्यांनी ते सांगितलं आहे.

वाटेत अन्न संपतं, पाय मुरगळतो, बाळ भुकेनं रडतं. जोनासला चार वर्षांचा असतानाचा तो शब्द आता पुन्हा भेटतो, आणि या वेळी तो खरा आहे: उपासमार. क्षणभर त्याला वाटतं, निघालो हेच चुकलं. मग तो तोच शब्द आणखी एकदा तपासून पाहतो. तिथे राहिलो असतो तरी उपाशीच राहिलो असतो. भावनांसाठी, रंगांसाठी, प्रेमासाठी.