मागावर गोल, धुतल्यावर चपटे

मित्रहो, चित्रकाराने चित्र काढावे, संशोधकाने प्रबंध लिहावा, या दोहोंची सरमिसळ कशाला, असे मला सोलापुरात अनेकदा ऐकवले गेले आहे, आणि ऐकवणारे बहुधा चित्रकारच असतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचे, कलेसाठीचे आणि कलेतून होणारे संशोधन असा भेद मांडला. सोलापुरी चादरीचा किंवा पद्मशाली विणकरांच्या स्थलांतराचा इतिहास लिहिणे हे पहिल्या प्रकारात मोडते. दुसऱ्याबद्दल आज बोलत नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र काम करणे हीच शोध घेण्याची रीत असते.

जॅकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागासाठी नक्षी आधी आलेख कागदावर घरे भरून काढतात. उभी रांग म्हणजे ताण्याचा, कापडाच्या लांबीतला एक धागा, आडवी म्हणजे बाण्याचा, रुंदीतला. मी चौकोनी घरांच्या कागदावर नीटनेटके वर्तुळ काढून नेले. शेजारच्या मागावरचे वयस्क विणकर कागदाकडे एकदा पाहून म्हणाले, "सर, हे लांबट येणार." आले तसेच. इंचाला बाण्याचे धागे ताण्यापेक्षा कमी होते, त्यामुळे वर्तुळ लांबीत ताणले गेले. कारण मला नंतर हिशेब करून कळले. त्यांना ते आधीच दिसत होते. माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हे तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांचे म्हणणे मला खऱ्या अर्थाने कळले ते त्या दुपारी, मागांच्या खडखडाटात.

मग घरांचे प्रमाण बदलत मी नमुने विणून घेतले आणि प्रत्येकासोबत सूत, धाग्यांची संख्या व निरीक्षण वहीत नोंदवले. चौथा नमुना मागावर अगदी गोल उतरला. घरी धुतला, तर सूत लांबीकडून अधिक आटले आणि वर्तुळ चपटे झाले. म्हणजे माझा प्रश्नच अपुरा होता: गोल कुठे हवे, मागावर की अंथरुणावर? हा प्रश्न कोणत्याही ग्रंथालयात बसून मला सुचला नसता.

म्हणून चित्र पूर्ण झाल्यावर त्याला चार पाने सैद्धांतिक निवेदन चिकटवण्याला मी संशोधन म्हणत नाही. प्रश्न, नोंदी, फसलेले नमुने आणि दुसऱ्याला तीच वाट पुन्हा चालता येईल इतका तपशील, हे सारे सोबत असावे लागते. प्रबंधाच्या बांधणीत तिन्ही लांबट वर्तुळे आणि चौथे चपटे झालेलेही जोडलेले असावे. तोंडी परीक्षा तर मागाशेजारीच व्हावी असे माझे मत आहे. तिथे एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही हे खरे, पण मालकाने अर्धा तास माग बंद ठेवले तरी भागेल, आणि त्या अर्ध्या तासात प्रश्न विचारायला ते विणकरही हजर असतील.