मूठ सरकते, आग ऐकत नाही: सरपणाच्या स्टोव्हची हवापट्टी

(दृश्य: बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह, काचेमागे आग. हात खालची मूठ शेवटपर्यंत बंद बाजूला नेतो. ज्वाळा होत्या तशाच.)

मूठ पूर्ण बंद आहे आणि आग अजून भडकलेलीच आहे. सरपणाच्या बंद स्टोव्हमध्ये आगीला आवर घालायचं साधन एकच, ते म्हणजे हवा. लाकूड एकदा पेटलं की बाहेर काढता येत नाही, त्याला किती हवा द्यायची एवढंच आपल्या हातात उरतं. ती सोय बिघडली की स्टोव्ह एकतर धुमसत राहतो आणि काच, धुराडं सगळं काळं करून ठेवतो, नाहीतर बेफाम जळून स्वतःच्याच पाट्या वाकवतो.

काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. मुठीमागे बहुतेक स्टोव्हमध्ये हवेचं भोक उघडझाक करणारी एक सरकती पट्टी, एक दांडा आणि दोन-तीन स्क्रू एवढाच संसार असतो. पण पान्हा हातात घ्यायची घाई करू नका. दोष पुष्कळदा पट्टीत नसतोच.

(दृश्य: स्टोव्हचा उभा छेद. हवेचे तीन प्रवाह बाणांनी दाखवलेले.)

धुराड्यातला गरम वायू हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या ओढीनं बाहेरची हवा स्टोव्हमध्ये खेचली जाते. ही ओढ फार नाजूक असते, साधारण १२ पास्कल. पाण्याच्या जेमतेम सव्वा मिलिमीटर उंचीचा दाब म्हणजे ही ओढ. इतक्या कमी दाबावर सगळा कारभार चालतो, म्हणून मिलिमीटरभर फट किंवा राखेचा पातळ थरसुद्धा आगीत लगेच दिसतो.

हवा आत यायच्या वाटा तीन. पहिली लाकूड ज्यावर जळतं त्या जाळीखालून, ती पेटवताना कामाची. दुसरी दाराच्या वरच्या कडेतून काचेवरून खाली उतरते. आग तीच जोपासते आणि काचही तीच स्वच्छ ठेवते. तिसरी मागच्या भिंतीतल्या भोकांतून किंवा छताखालच्या नळ्यांतून येते आणि लाकडातून सुटलेला धूर जाळते. लाकडाच्या उष्णतेचा निम्म्याहून जास्त वाटा या धुरातल्या वायूंतच असतो, त्यामुळे तिसऱ्या वाटेची भोकं बुजली तर ती उष्णता न जळताच धुराड्यातून निघून जाते. काही स्टोव्हना या वाटांसाठी वेगवेगळ्या मुठी असतात, काहींत एकच मूठ सगळं सांभाळते. तिसऱ्या वाटेला बऱ्याचदा मूठच नसते, ती कायम उघडी असते.

आता निदान. मूठ बंद करूनही आग मंदावत नसेल, तर पहिला संशय दाराच्या दोरीवर घ्या. दाराच्या खाचेत बसवलेली ही उष्णतारोधक दोरी वापरानं दबते, कडक होते, झडते. स्टोव्ह गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. तो अडखळत, जोर लावल्यावर निघाला पाहिजे. दर १० सेंटिमीटरवर हेच करा. जिथे कागद अलगद सुटून येतो तिथून हवा शिरते. राखेच्या ट्रेला वेगळं दार असेल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या. हे छोटं दार सगळेच विसरतात, आणि तिथून आलेली हवा थेट निखाऱ्यांखाली जाते, लोहाराच्या भात्यासारखी.

दुसरी चाचणी आग पेटलेली असताना. मूठ बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या कडेनं, मग पट्टीच्या फटीपाशी, मग पाठीमागच्या जोडांवरून हळूहळू फिरवा. धूर जिथे वळून आत खेचला जातो तिथे गळती आहे. पट्टीपाशी थोडा धूर आत जाणारच. कारण बहुतेक स्टोव्हमध्ये उत्पादकानं पट्टी पूर्ण बंद होऊ नये म्हणून एक खिळा, स्क्रू किंवा खाच मुद्दाम ठेवलेली असते. पूर्ण हवा तोडली तर आग विझत नाही, ती धुमसते. कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि धुराड्यात डांबर साचतं. हा अडथळा कानशीनं घासून काढणारे हौशी कारागीर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

उलटी तक्रारही असते: मूठ पूर्ण उघडी, तरी आग मरगळलेली. अशा वेळी स्टोव्ह उघडण्याआधी बाहेरची हवा आणणारा पाइप पाहा. त्याच्या तोंडावरच्या जाळीत पालापाचोळा, कोळ्याची जाळी, कपड्यांची लव अडकलेली असते. पाइप नसेल तर स्टोव्हच्या बुडाखाली हात घाला; हवा शिरायच्या भोकावर धुळीचा गालिचा सापडेल. लाकूडही तपासा. ओलावा २० टक्क्यांहून जास्त असेल तर कोणतीही पट्टी त्या आगीला वाचवू शकत नाही.

(दृश्य: गार स्टोव्ह. राख धातूच्या झाकणाच्या डब्यात भरली जाते.)

दोष खरोखर पट्टीतच आहे असं ठरलं, की स्टोव्ह गार होऊ द्या. गार म्हणजे हाताला गार नव्हे, शेवटच्या आगीनंतर किमान २४ तास. राखेखाली निखारा दिवसभर जिवंत राहतो. राख धातूच्या डब्यातच भरा आणि झाकण लावून डबा घराबाहेर ठेवा. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर इथे चालणार नाही: बारीक राख त्याच्या पिशवीतून आरपार जाते आणि एखादी ठिणगी पिशवी पेटवते. हातमोजे, मास्क, चष्मा घाला. स्टोव्ह कित्येक दशकं जुना असेल तर त्याच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती कोरडी खरवडायची नाही, ते काम जाणकारावर सोपवा.

पट्टी कुठून दिसते हे प्रत्येक स्टोव्हमध्ये वेगळं. कुठे बुडाखालून, कुठे राखेचा ट्रे काढल्यावर, कुठे आतल्या विटा आणि जाळी उचलल्यावर. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं फोटो काढा. वॉशर कोणत्या बाजूला होता हे जोडताना कुणालाच आठवत नसतं.

स्क्रू सुटत नसेल तर झटका देऊ नका. वर्षानुवर्षं तापून त्याची मान ठिसूळ झालेली असते. आटे मोकळे करणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हलके ठोके मारा, थोडा घट्ट बाजूला हलवा, मग सैल बाजूला. हे तेल नंतर पूर्ण पुसून काढायचं आहे, हे ध्यानात ठेवा.

(दृश्य: सुटी केलेली पट्टी टेबलावर, अगदी जवळून. तपकिरी पापुद्रे, कडेला डांबराची चकाकी.)

पट्टीवर तीन थर दिसतात. वर भुरभुरीत राख, ती ब्रशनं जाते. मधे काळं, काचेसारखं चकचकीत डांबर, ते पत्र्याच्या पातीनं खरवडावं लागतं. तळाला गंज. राख हवेतला ओलावा शोषते, आणि ओल्या राखेला चिकटलेलं लोखंड कुजतं. म्हणूनच पट्टी आग चालू असलेल्या दिवसांत नव्हे, स्टोव्ह बंद असलेल्या महिन्यांत अडकते. तारेच्या ब्रशनं गंज काढा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू घासा. पट्टी ज्या पाटीवर घासत सरकते ती पाटी आणि तिच्या कडांच्या खाचाही तेवढ्याच साफ हव्यात.

आता पट्टी कडेवर धरून उजेडात पाहा. फूटपट्टी तिच्यावर ठेवली आणि खाली मिलिमीटरहून मोठी फट दिसली, तर पट्टी वाकलीय. पोलादी असेल तर व्हाइसमध्ये धरून गार असतानाच सरळ करता येते. बिडाची असेल तर ठोकू नका, तडकेल, ती बदलायची. पट्टी एकदा वाकली म्हणजे स्टोव्ह कधीतरी फार तापला होता, तेव्हा दोरीची परीक्षा पुन्हा घ्या.

आता तेलाचा मोह. पट्टी कुरकुरते म्हणून तेल किंवा ग्रीस लावलं, तर पहिले दोन दिवस ती लोण्यासारखी सरकते. मग तेल जळतं, धूर आणि वास येतो, उरलेल्या चिकट थरावर राख बसते आणि पट्टी आधीपेक्षा घट्ट रुतते. पट्टी कोरडीच चालली पाहिजे. फार तर ग्राफाइटची कोरडी पावडर बोटानं चोळा. नसेल तर मऊ शिसपेन्सिल पृष्ठभागावर फिरवली तरी भागतं. स्क्रूच्या आट्यांना मात्र तांब्याचा अँटी-सीझ पेस्ट थोडासा लावा, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटतील. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत स्क्रू आगीजवळ वापरू नका, जस्ताची वाफ विषारी असते. साधे पोलादी किंवा स्टेनलेस घ्या.

(दृश्य: पट्टी परत बसवली जाते. स्क्रूवर पान्हा.)

जोडताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घट्ट बसवणं. पोलाद तापलं की वाढतं. ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी ३०० अंशांनी तापली की सुमारे १ मिलिमीटर लांब होते. गार असताना नेमकी बसलेली पट्टी पहिल्याच आगीत अडकते. म्हणून लांबीच्या टोकांना मिळून २ मिलिमीटर मोकळीक हवी. स्क्रू पट्टीवर आवळायचा नसतो, तो मधल्या नळकांडीवर, म्हणजे बुशवर आवळायचा असतो. पट्टी बुशभोवती मोकळी सरकते. बुश हरवला असेल तर नवा घाला, वॉशरांची चळत लावू नका. दोन नट असलेली रचना असेल तर पट्टी अडकेपर्यंत नट आवळा, मग अर्धा फेरा सैल करून दुसऱ्या नटानं जागीच बांधा. एम ६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या आट्याला अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढी फट पुरते. मिलिमीटरपलीकडे गेलात तर बंद पट्टीतून हवा शिरेल.

छताखालच्या नळ्यांची भोकं तेवढ्यात साफ करून घ्या. भोकाच्याच मापाचा ड्रिल बिट हातानं फिरवा, मशीन लावू नका; भोक मोठं झालं तर धूर जाळायचं गणित बिघडतं.

काही स्टोव्हमध्ये मुठीऐवजी थर्मोस्टॅट असतो: दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र गुंडाळलेली चकली आणि तिला साखळीनं लटकवलेली झडप. स्टोव्ह तापला की चकली वळते आणि झडप खाली येते. ती चालते का हे पाहायला थोड्या अंतरावरून हेअर ड्रायर धरा. दोनेक मिनिटांत झडप हलली पाहिजे. चकली हातानं वाकवायची नाही, तेल द्यायचं नाही. झडपेची बैठक साफ करा, साखळीची कडी निसटली नाही ना पाहा, आणि लांबी पुस्तिकेत दिलीय तेवढीच ठेवा.

दोरी बदलायची असेल तर जुनीचं माप घेऊ नका, ती दबलेली असते. पुस्तिकेतला किंवा खाचेच्या रुंदीला साजेसा व्यास घ्या. जाड दोरी घातली तर बिजागरीच्या बाजूला दार दबत नाही आणि नवी गळती तयार होते. खाच कोरडी खरवडा, उष्णतारोधक चिकट द्रव्याची पातळ रेघ सोडा आणि दोरी न ताणता बसवा. ताणलेली दोरी पहिल्या आगीतच आखडते. जोड कोपऱ्यात येऊ देऊ नका. दार लावून रात्रभर ठेवा.

(दृश्य: पुन्हा आग. कॅमेरा काचेवर.)

पहिली आग छोटी ठेवा. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू असू द्या; या वायूला रंग नाही, वास नाही. आग नीट धरली की मूठ पूर्ण उघडी ते किमान अशी सरकवा. ज्वाळा मिनिटाभरात आळसावल्या पाहिजेत, पण विझता कामा नयेत. मग स्टोव्ह चांगला तापल्यावर तीच मूठ पुन्हा हलवा. गार असताना सरकणारी पट्टी गरम झाल्यावर अडकली, तर स्टोव्ह पुन्हा २४ तास गार होऊ द्या आणि नट पाव फेरा सैल करा.

चाचणीत कधी लोखंड लालसर दिसलं तर ते ५०० अंशांच्या पुढे गेलंय. सगळ्या मुठी बंद करा, दार उघडू नका, पाणी मारू नका. ते गार झालं की दोरी आणि राखेचं दार पुन्हा तपासा.

स्टोव्ह महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर राखेचा कण आत ठेवू नका, पट्टी अर्धी उघडी ठेवा म्हणजे आतून हवा फिरत राहते, आणि महिन्यातून एकदा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा.