गिलावा न केलेली भिंत
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय 'नाओशिमा : कलेनं सावरलेलं बेट' असा छापलाय. जपानमधल्या त्या बेटाकडे मी येणार आहे. पण आधी मला भिंतीबद्दल बोलायचंय. ती भिंत कळली नाही तर त्या बेटावरचं बाकीचं काही कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

बांधकामातले बरेच जण समोर दिसतायत, त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. काँक्रीट ओतण्याआधी साचा करावा लागतो. त्याला आपण सेंट्रिंग म्हणतो, शटरिंग म्हणतो. काँक्रीटला स्वतःचा आकार नसतो आणि स्वतःची कांतीही नसते, जसा साचा तशी भिंत. प्लायवूडचा सांधा जरा उघडा राहिला की तिथून सिमेंटचं पाणी गळून जातं आणि खडी उघडी पडते. साइटवर त्याला हनीकोंब म्हणतात. मग त्यावर उपाय एकच, गिलावा. सुताराची चूकही त्याखाली जाते आणि सुताराची करामतही.

बारा वर्षांपूर्वी कोकणात मी एक घर करत होते. जिन्याची भिंत उघड्या काँक्रीटची ठेवायची ठरली होती. घरमालकांना ती कल्पना पटायलाच चार बैठका लागल्या. सेंट्रिंगचे मिस्त्री साठीचे होते. त्यांनी नवंकोरं प्लायवूड मागितलं, प्रत्येक सांधा पट्टी लावून बंद केला आणि ओतकामाच्या दिवशी जेवायलासुद्धा गेले नाहीत. साचा उघडला तेव्हा भिंत तुळतुळीत आली होती. हात फिरवला तर गार लागायची. दोन दिवसांसाठी मी पुण्याला आले आणि परत गेले तर भिंतीवर गिलावा! घरी आलेले कुणी पाहुणे म्हणाले होते, 'काम अर्धवट का राहिलंय?' ठेकेदारानं एका दुपारीत काम 'पूर्ण' करून टाकलं. मिस्त्री वाळूच्या ढिगावर बसले होते. मला एवढंच म्हणाले, 'मॅडम, माझी भिंत झाकली.'

मला अजून तो दिवस विसरता येत नाही. गंमत बघा, याच कोकणात चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उघडी राहिली आहे. जांभ्याचा चिरा, मधे दर्जा म्हणजे भरलेले सांधे, बस्स. पावसानं ती काळी पडते, शेवाळ धरते, आणि तिला कुणी अर्धवट म्हणत नाही. मग काँक्रीटलाच आपण अर्धवट का म्हणतो? याचं उत्तर शोधत मी २०२३ साली नाओशिमाला गेले, असं म्हटलं तरी चालेल.

जपानच्या कागावा प्रांतात, सेतोच्या अंतर्गत समुद्रात हे बेट आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. उनो बंदरातून बोटीनं वीस मिनिटं, ताकामात्सुहून साधारण पन्नास. धक्क्यावर उतरलं की कलावंत यायोई कुसामांनी घडवलेला लाल भोपळा दिसतो. दुसऱ्या टोकाला, समुद्रात शिरलेल्या जेटीवर पिवळा. हा पिवळा २०२१च्या ऑगस्टमध्ये वादळानं समुद्रात ओढून नेला आणि २०२२मध्ये नव्यानं बसवला. सगळे फोटो भोपळ्याशी काढतात. मीही काढला, चांगला आलाय.

पण मला जायचं होतं चिचू संग्रहालयात. चिचू म्हणजे जमिनीच्या पोटातलं. २००४ साली जपानी वास्तुकार तादाओ आंदोंनी ही आख्खी इमारत टेकडीत पुरली, बेटाची कड बिघडू नये म्हणून. आंदोंकडे वास्तुकलेची पदवी नाही. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळायचे, आणि लहानपणी ओसाकात त्यांच्या घरासमोर सुताराचं दुकान होतं. माझ्या मते त्यांची शाळा ती.

आत उतरत जाणारी वाट आहे, वर आकाश, दोन्ही बाजूंना काँक्रीट. एके ठिकाणी भिंतीला लांबच लांब फट ठेवलीय. मी तिच्या कडेला नाक लावून उभी राहिले. साच्यातून निघताना काँक्रीटची कड तुटते, हे इथे प्रत्येकानं पाहिलंय. ती कड टोकापर्यंत शाबूत होती. मग मी वीत लावून मोजायला लागले. त्यांच्या साच्याचं पॅनेल ९० बाय १८० सेंटिमीटरचं असतं, जपानी घरात जमिनीवर अंथरतात त्या ततामी चटईच्या मापाचं. प्रत्येक पॅनेलवर सहा भोकं. साच्याच्या दोन बाजू आवळून धरणाऱ्या टाय रॉडच्या या खुणा. आपण त्या बुजवतो. त्यांनी त्या ओळीत मांडल्या आहेत, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर ओळ चुकत नाही. भिंत कशी झाली ते भिंतच सांगते.

परत आल्यावर मी त्या मिस्त्रींकडे गेले. बाहेरच्या भिंतींचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'प्लायवूड कितव्यांदा वापरलेलं?' सबंध जगानं त्या इमारतींवर लिहिलंय मंडळी, पण इतका नेमका प्रश्न मी कुठे वाचला नाही.

आतमध्ये तीनच कलावंत आहेत. वॉल्टर डी मारियांचा सव्वादोन मीटरच्या आतबाहेरचा ग्रॅनाइटचा गोल, जेम्स टरेल यांचा प्रकाश, आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेंची कमळतळ्याची पाच चित्रं. मोनेंच्या दालनात चपला काढून जायचं, देवळात जातो तसं. पायाखाली दोन-दोन सेंटिमीटरचे संगमरवरी ठोकळे. विजेचा दिवा नाही. ढग आला की चित्र मावळतं, ढग गेला की पुन्हा उजळतं. मी होते तेवढ्यात दोनदा असं झालं आणि दालनातली माणसं दोन्ही वेळा एकदम गप्प झाली.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली आहेत म्हणे. मग आता पत्रिकेवरच्या विषयाकडे.

हे बेट मुळात कशावर जगत होतं? उत्तरेच्या टोकाला १९१७पासून तांबं गाळण्याचा कारखाना आहे, तो आजही चालू आहे. त्याच्या धुरानं भोवतालच्या टेकड्या बोडक्या झाल्या होत्या. १९८०च्या दशकात नगराध्यक्ष मियाके आणि प्रकाशन व्यवसायातलं फुकुताके घराणं यांनी बेटाची दक्षिण बाजू वेगळ्या वाटेनं न्यायचं ठरवलं. १९९२ साली बेनेस्से हाउस झालं, संग्रहालय आणि हॉटेल एकाच छपराखाली, तेही आंदोंचंच. १९९८पासून होनमुरा गावातली रिकामी घरं कलावंतांच्या हाती आली. त्यातल्या पहिल्या घरात, कादोयात, तात्सुओ मियाजिमांनी अंधाऱ्या खोलीतल्या पाण्यात आकडे मोजणारे १२५ दिवे ठेवले. प्रत्येकाचा वेग गावातल्या एकेका माणसानं ठरवलाय, कुणाचा भराभर, कुणाचा संथ. २०१०पासून दर तीन वर्षांनी सेतोच्या समुद्रातल्या बेटांवर कलामहोत्सव भरतो. २०२५मध्ये नाओशिमावर आंदोंचंच आणखी एक नवं संग्रहालय उघडलं, ते मी पाहिलेलं नाही.

पण शेजारच्या तेशिमा बेटाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही, चिठ्ठी आली तरी. तिथे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०पर्यंत बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला, नऊ लाख टनांहून जास्त. गावकरी वर्षानुवर्षं लढले. २००० साली प्रांताच्या सरकारशी तडजोड झाली, गव्हर्नरांनी माफी मागितली. कचरा उचलला तो २०१७पर्यंत, आणि जहाजानं नेऊन वितळवला कुठे? नाओशिमावर, त्याच कारखान्याच्या आवारात. एकीकडे मोने, दुसरीकडे शेजाऱ्याचा कचरा. त्या बेटानं दोन्ही घेतलं आणि एकही झाकलं नाही. मला कौतुक आहे ते याचं.

आणि त्याच तेशिमावर, २०१० साली, वास्तुकार र्युए निशिझावांनी संग्रहालय म्हणून काँक्रीटचं एक कवच बांधलं. ४० बाय ६० मीटर, आत एक खांब नाही, जाडी २५ सेंटिमीटर. साचा कशाचा केला असेल? मातीचा. मातीचा ढीग रचला, त्यावर काँक्रीट ओतलं, आणि ते धरल्यावर खालची माती उपसून काढली. आत कलावंत रेइ नाइतो यांची एकच कलाकृती. जमिनीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याचे थेंब होतात, थेंब घरंगळत एकमेकांना मिळतात. वर दोन मोठे गोलसर उघडे झरोके आहेत, त्यातून वारा येतो, पानं येतात, पाऊसही येतो. मी भिंतीला टेकून नाही, जमिनीवर बसून तासभर एकाच थेंबाच्या मागे होते. तो जाऊन मोठ्या थारोळ्याला मिळाला तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ झाली होती.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, चिचू बंद असतं, आणि तिकीट आधी काढून ठेवा. आतले फोटो दाखवा, असं मघापासून मागच्या रांगेतून कुणी म्हणतंय. तिथे आत फोटो काढू देत नाहीत. मी वहीत रेखाटनं केली आहेत, टाय रॉडच्या भोकांची मापंही त्यात आहेत. वही बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलीय. हात कोरडे असतील तर खुशाल चाळा.