बार जमिनीवरनं सुटायच्या आधी

सांगली, पहाटेचे साडेपाच. रस्त्यावर दूधवाला आणि दोन कुत्री, बाकी कोण नाय, पण या जिममधी लाइट लागलीय आणि हा जो खण खण आवाज येतोय तो प्लेटा चढवायचा.

हा हात बघा. नखांच्या कडेला चॉक बसलाय, बोटांखाली घट्टे. पोरगं दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतंय, पहाटे इथं. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन धरून सरळ उभं राहायचं, ऐकायला एवढंच. नुसता बारच 20 किलोचा, दोन्हीकडं 20-20 लावले की झाले 60.

आता पाय. बार बुटाच्या लेसवर आला पाहिजे, म्हणजे पावलाच्या मध्यावर, मग नडगी टेकेपर्यंत गुडघे वाकवायचे पण बार हलवायचा नाय. बूट सपाट, पळायचे गुबगुबीत नकोत. काखेत पेपरची घडी धरलीय आणि ती पडू द्यायची नाय अशा बगला आवळायच्या, श्वास पोटात भरायचा आणि पोट असं कडक की आता कोणतरी बुक्की घालणारे. आणि तो पट्टा, लोकांना वाटतं तो कंबर धरून ठेवतो, तसं नसतंय, पोटाला ढकलायला भिंत मिळते फक्त.

हा झाडूचा दांडा. आम्ही हा शॉट तीनदा घेतला, कारण खरी गोष्ट इथंच आहे. डोक्याच्या मागं, खांद्यांच्या मधी आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे, वाकताना एका ठिकाणी जरी सुटला तरी समजायचं पाठ बिघडली. वाकायचं खुब्यातनं. सर म्हणतात, "दोन्ही हातात पिशव्या असल्यावर दार ढुंगणानं ढकलतोस का नाय? तसं."

आता बाजूनं, स्लो मोशनमधी. बार आधी नुसता ताणलाय, प्लेटला घासून टक् वाजलं, ऐकलं? ते वाजल्यावर पायानं जमीन खाली ढकलायची, बार नडगीला घासत वर.

आणि हा दुसरा पोरगा. ढुंगण आधी वर, कंबर कमानीगत गोल. सरांनी हात वर केला. "उतरव. प्लेटा काढ." कंबरेत मणके 5, आणि गादी सरकली की बहुतेक वेळा खालच्या दोन जोडांपैकीच एक. सरांची स्वतःची सरकलेली, चार महिने बूट दुसऱ्यानं घालून दिले, असो.

2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमधी आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात एकूण 248 उचलून सिल्व्हर घेतलं, ते पोरांच्या तोंडात अजून आहे. पण ते वेटलिफ्टिंग, बार डोक्यावर जातो. डेडलिफ्ट पॉवरलिफ्टिंगमधली, स्क्वॉट, बेंच आणि शेवटी ही. लोक दोन्ही एकच धरतात.

दुपारी यार्ड. हे हमाल काका कुठल्या जिमला गेले नाहीत. दोघं आकडा लावून पोतं उचलून देतात, काका पाठ देतात, पोतं अंगाला चिकटलेलं, मानेवर हळद. तेच पोतं हातभर लांब धरा, वजन तेवढंच पण कंबरेला कितीतरी जड.

परत जिम, तोच दुसरा पोरगा. बारला एकही प्लेट नाय, त्यामुळं तो फार खाली येतो म्हणून दोन्हीकडं लाकडी ठोकळे लावलेत. 20 किलो, आठ वेळा उचलायचं. सर बाजूला दांडा घेऊन उभे. सहाव्याला दांडा पाठीला टेकवला, परत पहिल्यापासनं मोजायला लावलं.