वर्तुळ गोल झालं का, ते बघा

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. प्रास्ताविक फार प्रेमानं झालं, त्याबद्दल आभार. जिद्द, हिंमत, नियतीवर मात, सगळं त्यात आलं. घोडा मात्र ओझरताच आला. म्हणून आज मी घोड्याबद्दल, आणि मी घोड्यावर बसून खेळते त्या ड्रेसाज या खेळाबद्दलच बोलणार आहे. हिंमतीचं म्हणाल, तर मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीतून स्कूटी काढणाऱ्या कोणत्याही नागपूरकराकडे ती माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपल्याकडे घोडा दोनच ठिकाणी असतो, लग्नाच्या वरातीत आणि इतिहासात. रघूजी भोसल्यांचं घोडदळ पार बंगालपर्यंत धडकलं, हे आपण अभिमानानं सांगतो. ड्रेसाजमध्ये मात्र धडकायचं कुठेच नसतं. वाळूचं आयताकृती मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या, आत एकच घोडा आणि एकच स्वार. ठरलेल्या क्रमानं ठरलेल्या हालचाली करायच्या: या अक्षराला दुडकी सुरू, त्या अक्षरापासून दहा मीटरचं वर्तुळ, मधल्या रेषेवर येऊन थांबा, पंचांना अभिवादन. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, शेवटी टक्केवारी. पहिल्यांदा बघणाऱ्याला कंटाळा येतो. येऊ द्या. काय बघायचं ते कळलं की येत नाही.

पॅरा ड्रेसाज म्हणजे हाच खेळ अपंग स्वारांसाठी. १९९६च्या अटलांटापासून तो प्रत्येक पॅरालिम्पिकमध्ये आहे. स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात. श्रेण्या पाच. पहिलीत सर्वांत जास्त अपंगत्व असलेले स्वार, पाचवीत सर्वांत कमी. आता हे ठरवतं कोण? त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असतात. ते तुम्हाला टेबलावर झोपवतात, बसवतात, पाय रेटायला सांगतात, हात उचलायला सांगतात. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, हातापायांचा ताळमेळ तपासतात. घोडा त्या खोलीत नसतोच. आजाराच्या नावावरूनही श्रेणी ठरत नाही. पोलिओ झालेले दोघे वेगवेगळ्या श्रेणीत जाऊ शकतात, कारण प्रश्न एवढाच असतो की हे शरीर काय करू शकतं. एकदा श्रेणी ठरली की तुमच्या अपंगत्वाचा हिशोब तिथेच मिटला. पंच मग तुमच्या पायासाठी एक गुणही वाढवून देत नाही. मला या खेळातलं हेच सर्वांत जास्त आवडतं.

पहिल्या श्रेणीत फक्त वॉक असतो. हे सांगितलं की लोक हळूच हसतात. ‘म्हणजे काय जी, घोडा नुसता चालवायचा?’ हो जी, नुसता चालवायचा, आणि तेच अवघड. वॉकमध्ये चार ठोके, एकामागून एक, सारख्या अंतरानं. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडकीत, दोन; कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, तीन. ट्रॉटला स्वतःची उसळी असते, त्यात स्वाराच्या बारीकसारीक चुका झाकल्या जातात. वॉकमध्ये झाकायला काही नाही. लगाम जरा जास्त ओढला की लय बिघडते आणि घोडा उंटासारखे एका बाजूचे दोन्ही पाय जोडीनं टाकू लागतो. एकदा बिघडलेला वॉक दुरुस्त करायला फार वेळ लागतो. चांगल्या वॉकमध्ये मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतो. मैदान नुकतंच सारखं केलेलं असेल तर तुम्ही स्वतः वाळूवर हे बघू शकता, पंच असायची गरज नाही. त्यात लांब लगामावरचा वॉक येतो. लगाम सावकाश सोडत न्यायचा, घोड्यानं मान खाली, पुढे ताणायची आणि तरीही घाई करायची नाही. ज्या स्वाराला धड ताठ ठेवणंही अवघड आहे, ज्याचे हात थरथरतात, तो पाचशे-सहाशे किलोच्या जनावराकडून हे करून घेतो. इथे टाळ्या वाजवायच्या असतील तर त्या सलग चार ठोक्यांसाठी वाजवा.

आता माझा उजवा पाय. पोलिओचा आहे, कमरेपासून बारीक. घोडेस्वारीत पाय रिकिबीत ठेवण्यापुरता नसतो, पायानं बोलायचं असतं. उजव्या हाताला वर्तुळ घ्यायचं असेल तर उजवा पाय आतला. घोडा त्या पायाभोवती वाकतो. तो पायच गप्प असेल तर घोडा आत कलतो, वर्तुळ लहान होत जातं. डाव्या हाताला घेतलं तर तोच पाय बाहेरचा. त्याचं काम घोड्याचा मागचा भाग आवरून धरणं. तो आवरला नाही की पुठ्ठे बाहेर जातात आणि वर्तुळाचा अंडाकार होतो. म्हणजे एकाच पायामुळे दोन दिशांना दोन वेगळ्या अडचणी. शिवाय मी नकळत चांगल्या पायाकडे झुकते, खोगीर सरकतं आणि घोडा सरळ रेषेवरही डावीकडे वाहत जातो.

यावर उपाय आहेत आणि ते नियमांत बसतात. पायाच्या जागी चाबूक. मारायला नाही, टेकवायला. पाय जिथे दाबला असता तिथेच हलका स्पर्श. काही स्वार दोन्ही हातांत दोन चाबूक घेतात. ज्यांची पकड कमी, त्यांच्या लगामाला कड्या शिवतात. कुणी फक्त मान लववून पंचांना अभिवादन करतं. मात्र प्रत्येक साधनाला आधी मंजुरी लागते, आणि पट्टा असेल तर तो पडताना सुटलाच पाहिजे. स्वाराला घोड्याला बांधून टाकणं चालत नाही. पण खरी मेहनत घोड्याची. पायाची भाषा शिकलेल्या घोड्याला चाबकाची आणि वजनाची भाषा नव्यानं शिकवावी लागते.

अपंग स्वारांसाठी वेगळी स्पर्धा नव्हती तेव्हाची गोष्ट सांगते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला, गरोदरपणात. गुडघ्याखाली पाय निकामी झाले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये या खेळात स्त्रियांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला, आणि हार्टेलबाईंनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्य मिळवलं. धडधाकट लष्करी अधिकाऱ्यांसमोर, कोणतीही श्रेणी नसताना. चढायला-उतरायला त्यांना मदत लागायची. १९५६ला पुन्हा रौप्य. त्या साली ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. हार्टेलबाईंची गोष्ट नेहमी पोलिओपासून सांगतात. मी सांगताना रौप्यपदकापासून सुरू करायला हवी होती. पण श्रोते नागपूरचे आहेत, सवयी सुटत नाहीत.

भारतात २०२३ला थोडी जाग आली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२च्या दिल्लीनंतर थेट तेव्हाच. त्या दिवशी मला फोन येत होते, ‘ताई, तुम्ही करता ते हेच का जी?’ पुढच्या वर्षी अनुष पॅरिस ऑलिम्पिकलाही गेला. त्याच पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये, व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात, अमेरिकेच्या रेबेका हार्टनं तिसऱ्या श्रेणीत खेळून तीन सुवर्णं मिळवली. आपल्या या चौघांचा सराव युरोपात झालेला आहे, हेही लक्षात ठेवा. तयार घोडा, प्रशिक्षक, घोड्याचा विमानप्रवास: हा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही, आणि मी तो गोड करून सांगणार नाही.

व्याख्यानानंतर पालक मला गाठतात. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, घोड्यावर बसवलं तर चालेल का? घोड्याच्या चालीनं बसणाऱ्याची कंबर माणसाच्या चालण्यासारखीच हलते, तोल सांभाळायला त्याचा उपयोग केला जातो. पण तो उपचार आहे, तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायचा. खेळ वेगळा. तिथे मुलाला गुण कमी मिळाले तर ते कमीच असतात, आणि ते सांगणारा कुणीतरी त्याच्या आयुष्यात असायला हवा.

इथे सुरुवात करायला फार लागत नाही. पहिल्या तीन श्रेणींसाठी वीस बाय चाळीस मीटर जागा पुरते. आपल्या काळ्या मातीवर भागत नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. वर कन्हान नदीची वाळू टाकावी लागते. चढायला उंच चबुतरा आणि त्याला रॅम्प. एक शांत घोडा. सराव पहाटे, उन्हं चढायच्या आत.

आणि माणसं लागतात. आमच्या सरावात एक मुलगा अंध आहे. अंध स्वारासाठी मैदानाभोवती प्रत्येक अक्षरापाशी एकेक माणूस उभा राहून आपलं अक्षर ओरडतो: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. त्या आवाजांवरून तो रेषा धरतो. आठ खणखणीत आवाज पाहिजेत. नागपुरात ते मिळायला अडचण येऊ नये. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला ज्यांना जमेल त्यांनी जाताना मागच्या टेबलावर नाव द्यावं. मोबाइल बंद ठेवायचा, आणि मध्येच ‘शाब्बास’ म्हणायचं नाही. त्याला ते नववं अक्षर वाटतं.