दंड झाला, वसूल कसा करायचा?

न्यूयॉर्कच्या क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने इंटरनेटवरून अब्जावधी चेहऱ्यांचे फोटो गोळा केले. त्यांत युरोपातली माणसंही होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी एक फोटो टाकला, की त्याच चेहऱ्याचे बाकीचे फोटो आणि ते जिथे सापडले त्या लिंक समोर येतात.

लोकांच्या वैयक्तिक माहितीचं रक्षण करणारा युरोपीय संघाचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं तिसरं कलम संघाबाहेरच्या कंपन्यांनाही गाठतं: संघातल्या लोकांना माल किंवा सेवा देत असाल, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवत असाल, तर हा कायदा तुम्हाला बांधतो. २०२२मध्ये इटली, ग्रीस आणि फ्रान्सने क्लिअरव्ह्यूला प्रत्येकी २ कोटी युरोंचा दंड केला. फोटो गोळा करणं थांबवा आणि असलेले पुसा, हा आदेश पाळायला फ्रान्सने दोन महिने दिले, पुढे दिवसाला १ लाख युरो. आदेश पाळल्याचा पुरावा आलाच नाही. २०२३मध्ये आणखी ५२ लाख लागले. २०२४मध्ये नेदरलँड्सने ३ कोटी ५ लाखांचा दंड केला.

आदेश काढणं जमतं. अडतं ते वसुलीत. फेसबुकची मालक असलेल्या मेटाची युरोपातली कंपनी आयर्लंडच्या डब्लिनमध्ये आहे, त्यामुळे आयर्लंडचा १२० कोटी युरोंचा दंड तिला तिथल्याच कोर्टात लढवावा लागतो. क्लिअरव्ह्यूचं संघात कार्यालयच नाही. आणि परदेशी कोर्टाचे पैशांचे निकाल मान्य करणारे अमेरिकी राज्यांचे कायदे दंडाची रक्कम सहसा वगळतात.

सत्ताविसाव्या कलमानुसार अशा कंपनीने संघात लेखी प्रतिनिधी नेमायला हवा. तो न नेमल्याबद्दल नेदरलँड्सने लोकांचे पत्ते आणि फोन नंबर दाखवणाऱ्या लोकेटफॅमिली डॉट कॉमला सव्वापाच लाख युरोंचा दंड केला. पण प्रतिनिधी नेमला, तरी कंपनीचा दंड त्याच्याकडून वसूल होत नाही. कायद्यातली ही मोठी उणीव आहे.

म्हणून हात घालायचा तो युरोपातल्या ग्राहकावर. क्लिअरव्ह्यू वापरल्याबद्दल स्वीडनने २०२१मध्ये आपल्याच पोलिसांना २५ लाख क्रोनर दंड केला. करारही उपयोगी पडतो: युरोपचा डेटा हाताळणारी पुण्याची आयटी कंपनी डेटा संघाबाहेर पाठवण्यासाठी संघाने ठरवून दिलेल्या २०२१च्या प्रमाणित करार-कलमांवर सही करते, तेव्हा ती युरोपीय नियामकाचा अधिकार लेखी मान्य करते.

तिसरा मार्ग संचालकांचा. दंड भरून सुटता येतं. फौजदारी खटला माणसाच्या मागे लागतो. ऑक्टोबर २०२५मध्ये खासगीपणाच्या हक्कासाठी लढणाऱ्या नॉयब या संस्थेने ऑस्ट्रियात क्लिअरव्ह्यू आणि तिच्या व्यवस्थापकांविरुद्ध तशीच तक्रार दाखल केली. गुन्हा शाबीत झाला, तर त्यांना युरोपात प्रवास करताना अटकेची धास्ती राहील.