टाइनकाठचं वायलम : दारातून गेलेले रूळ

इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या वायलम गावातलं लाल कौलांचं हे दगडी घर बघा. एकाच कुटुंबाचं वाटतं ना? पण इथे चार बिऱ्हाडं राहायची, एकेका खोलीत एकेक, म्हणजे आपली चाळच. त्यातल्या एका खोलीत १७८१ च्या जूनमध्ये रेल्वेचा जनक म्हणतात तो जॉर्ज स्टीफन्सन जन्मला. वडील खाणीच्या पंपाच्या इंजिनावर फायरमन, आणि पोराला अठरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं.

आता दारासमोर बघा. सायकली चालल्यात तिथे तेव्हा रूळ होते, तेही लाकडी. वायलमच्या खाणीतला कोळसा घोडे ओढत नदीच्या कडेकडेने पाच मैलांवर लेमिंग्टनला न्यायचे, तिथून पुढे कील नावाच्या बसक्या होड्या. नंतर बिडाचे रूळ आले, त्यात नेपोलियनशी लढाई, घोड्यांचा चारा महागला, मग खाणमालक ब्लॅकेट वाफेच्या इंजिनाच्या मागे लागला.

सगळ्यांना स्टीफन्सन माहितीये, पण या रुळांवरचा खरा हिरो म्हणजे ब्लॅकेटच्या खाणीचा व्यवस्थापक विल्यम हेडली. गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाक जागच्या जागीच फिरेल अशी लोकांना शंका, तर या बाबाने एक गाडा बनवला, त्यावर वजन लादलं, माणसांना हँडल फिरवायला लावलं आणि वजन पुरेसं असलं की चाक पकड घेतं हे दाखवून दिलं. १८१३-१४ च्या सुमाराला त्याचं वाफेचं इंजिन, पफिंग बिली, धावायला लागलं. तिच्या वजनाने रूळ फुटायला लागले म्हणून चारची आठ चाकं केली, दणकट रूळ आल्यावर परत चार. १८६२ पर्यंत चालली! आज जगातलं सगळ्यात जुनं शिल्लक वाफेचं रेल्वे इंजिन तेच, फक्त बघायला लंडनला जावं लागतं, गावाच्या नशिबी नाही.

१८२२ मध्ये होडीवाल्यांनी संप केला तेव्हा हेडलीने दुसरं इंजिन, वायलम डिली, होडीवर चढवून त्या होडीचीच टगबोट, म्हणजे दुसऱ्या होड्या ओढणारी बोट केली. संप मोडायला. १८६८ मध्ये खाणही बंद झाली.

जॉर्जचा मुलगा रॉबर्ट पुढे आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार होता, आणि १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली तेव्हाचा चीफ इंजिनिअर बर्कली हा रॉबर्टच्याच हाताखाली शिकलेला.

आणि हा १८७६ चा लोखंडी पूल. वर कमान, खाली तिला टांगलेला रस्ता, नदीत एकही खांब नाही. १९६८ ला यावरची रेल्वे बंद झाली. आता कुत्रं फिरवायला आलेले लोक मध्येच थांबून पाणी बघतात.